आईचा गुडघा आणि पाच रविवार

हाडांच्या डॉक्टरांनी आईच्या गुडघ्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, दोनदा मान हलवली आणि शस्त्रक्रियेची तारीख दिली. बरोबर पाच आठवड्यांनंतरचा सोमवार. त्यानंतर तीन महिने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी तारीख लिहून घेतली, आईने चप्पल घातली आणि आम्ही टॅक्सीत बसलो. ती गप्प होती. मला वाटलं, घाबरली असेल. म्हणून मी हल्ली ही ऑपरेशनं किती सोपी झाली आहेत यावर एक छोटं भाषण दिलं. ते तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"त्याचं काही नाही रे," ती म्हणाली. "तुझ्याकडे येऊन मला दीड वर्ष झालं. दीड वर्षात मी पाहिलं काय? तुझं घर, हा दवाखाना आणि मधला सिग्नल." मग मला वाईट वाटू नये म्हणून तिने पुढे जोडलं, "सिग्नल चांगला आहे."

इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे, कारण हा टोला नेमका तिथे लागला. मी बस वाहतुकीच्या कचेरीत वेळापत्रक विभागात काम करतो. शहरातून बाहेर जाणाऱ्या एकशे अकरा मार्गांच्या वेळा गेली एकोणीस वर्षं मी बसवतो. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता पोचते हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बायकोने एकदा खरंच उठवून विचारलं होतं. त्या थांब्यावर उतरल्यावर पुढे काय असतं, हा भाग मात्र माझ्या कामात येत नाही.

घरी पोचल्याबरोबर मी एक मोठा कागद घेतला आणि पाच रविवारांच्या पाच सहली आखल्या. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. पहिली दीपगृहाची, कारण कुठे जायला आवडेल असं विचारल्यावर आईने पटकन तेच नाव घेतलं. दुसरी धरणाची. मग गुहा, काचकारखाना आणि फुलांची बाग. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, पर्यायी बस, असे रकाने पाडले आणि तीन रंगांच्या पेन्सिली वापरल्या. कागद फ्रिजवर चिकटवून मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. इतकी देखणी योजना आमच्या कचेरीतही कधी झाली नव्हती.

तेरा वर्षांच्या आमच्या कन्येने ती वाचली आणि विचारलं, "बाबा, यातलं तुम्ही काय काय पाहिलंय?"

मी तिला अभ्यासाला बसायला सांगितलं.

योजनेची बातमी खालच्या मजल्यावर कशी पोचली ते कळलं नाही, पण त्याच संध्याकाळी कमांडर वर आले. कमांडर हे त्यांचं टोपणनाव. ते कुठल्याही सैन्यात नव्हते. अग्निशमन दलाच्या भांडारात बसून त्यांनी तीस वर्षं जवानांना पाण्याचे पाइप मोजून दिले आणि मोजून परत घेतले. आगीजवळ ते कधी गेले नाहीत, पण आवाज मात्र आगीजवळचा आहे. त्यांनी फ्रिजसमोर उभं राहून माझा कागद तपासला आणि मला विचारलं की दोर कुठे आहे. मी म्हटलं, दीपगृह पाहायला दोर कशाला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याकडे त्यांनी सांगितलेल्या सामानाची यादी होती. तिच्यात एकेचाळीस वस्तू होत्या. शिट्टी होती, दोन बॅटऱ्या होत्या आणि 'जखमीला झाकण्यासाठी' एक घोंगडी होती. जखमी कोण होणार, याचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला होता.

बायको एका प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते. त्यामुळे कमी बोलून काम उरकायची तिला सवय आहे. तिने यादीतल्या चार वस्तूंभोवती चौकट आखली आणि तेवढ्याच ठेवल्या. पाणी, डबा, छत्री आणि आईच्या गोळ्या. घोंगडी मी गुपचूप घेतली.

पहिल्या रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही चौघं बस स्थानकावर हजर होतो. दीपगृहाकडे जाणारी एकसष्ट नंबरची बस सात पंचवीसला सुटते. मी आईला बाकावर बसवलं आणि बस कुठल्या दिशेने येईल, किती वाजून किती मिनिटांनी वळेल, हे तिला समजावून सांगितलं. सात पंचवीस झाले. साडेसात झाले. पावणेआठला मी म्हटलं, क्वचित होतो उशीर. आमच्याशिवाय तिथे एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या हातात एक पिंजरा होता आणि पिंजऱ्यात एक हिरवा पक्षी. आठ वाजता ते भिंतीवरच्या छापील वेळापत्रकाकडे गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक कागदाला टेकेपर्यंत वाकले.

"तारा आहे," ते म्हणाले.

एकसष्टच्या पुढे एक तारा होता, पर्यायी बसपुढेही होता. त्या ताऱ्याचा अर्थ कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत दिला होता. रविवार वगळून. मी वेळा बसवतो, वार शेजारच्या टेबलावर ठरतात.

तो टाइप मला माहीत होता. दोन वर्षांपूर्वी एक पान वाचवण्यासाठी तळटिपा बारीक कराव्यात असा प्रस्ताव आमच्या बैठकीत आला होता. तीन जणांनी विरोध केला, तरी तो मंजूर झाला, कारण मांडणाऱ्याने फार मुद्देसूद भाषण केलं. माझ्या नोकरीतला तो एक मोठा विजय समजला जातो.

पिंजरेवाले गृहस्थ चांगलेच तापले होते. ते म्हणाले, ज्याने हे असं छापलं, त्याला इथे आणून उभं केलं पाहिजे.

"उभेच आहेत," आमची कन्या म्हणाली.

पुढच्या पाच मिनिटांचं मी वर्णन करत नाही. त्या पक्ष्यालासुद्धा काही शब्द येत होते. आईने शेवटी त्या गृहस्थांना आमच्या डब्यातलं काहीतरी दिलं, पक्ष्याचं वय विचारलं, आणि तासाभराने आम्ही घरी परतलो. येताना तो सिग्नल लागला. आईने त्याच्याकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

दुसऱ्या माणसाने इथे कागद फाडला असता. मी पेन्सिलीला टोक केलं. दीपगृह गेलं तर गेलं, अजून चार रविवार हातात होते आणि पुढचा क्रमांक धरणाचा होता. बायकोने सुचवलं की बाग सोपी आहे, सरळ बागेत जाऊ. पण क्रमाने जाणं हा माझ्या स्वभावाचा भाग आहे, आणि स्थानकावरच्या प्रसंगानंतर मला कुठेतरी जिंकायचं होतं.

धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी लागते. मी शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून धरणाच्या कचेरीत गेलो. खिडकीमागे बसलेल्या बाईंनी फॉर्म दिला नाही. त्या म्हणाल्या, परवानगी फक्त संस्थांना मिळते.

मी विचारलं, असं का?

"एकटी माणसं धरणावर कशाला जातात ते आम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

मी घाईघाईने सांगितलं की मी एकटा नाही, आम्ही चौघं आहोत. त्यावर बाई म्हणाल्या की चार म्हणजे कुटुंब, आणि कुटुंबाला संस्था धरत नाहीत. संस्थेला किमान अकरा सभासद लागतात, छापील कागद लागतो आणि शिक्का लागतो. अर्ज दिल्यापासून दहा दिवस लागतात. म्हणजे हा रविवार गेला, पुढचाही गेला, आणि चौथा रविवार मिळायचा तर अर्ज येत्या बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत यायला हवा.

मी बस पकडून घरी आलो आणि जेवणाच्या टेबलावर संस्था स्थापन केली. तिचं नाव कौटुंबिक सहल मंडळ. आई अध्यक्ष, मी सचिव, बायको खजिनदार, कन्या सभासद. आईने विचारलं की अध्यक्षाला काय करावं लागतं. मी म्हटलं, बसावं लागतं. ती म्हणाली, मग जमेल.

उरलेल्या सात सभासदांसाठी मी कमांडरांकडे गेलो. इथे माझी चूक झाली हे मी मान्य करतो. मी त्यांना सात माणसं मागितली होती. त्यांनी वहाणा चढवल्या, इमारतीचे पाच मजले चढून उतरून आले आणि पंचवीस आणली. एवढी माणसं साध्या बसमध्ये मावणार नाहीत म्हणून खासगी बस ठरली. बस ठरली म्हणून बसला फलक हवा असं कमांडर म्हणाले. फलकाचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी घेतलं शिक्क्याचं.

शिक्केवाल्याने बुधवारी दुपारी साडेतीनला शिक्का माझ्या हातात ठेवला. मी शाई लावून कागदावर उठवला. 'कौटुंबिक सहन मंडळ' असं उमटलं. मी त्याला दाखवलं. त्याने कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला की अक्षरं उलटी कोरायची असतात, त्यात 'ल' चा 'न' होतो कधीकधी. दुरुस्त करायला दोन दिवस लागतील. पाच वाजायला सव्वा तास होता. मी शिक्का खिशात टाकला आणि पळालो.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, शिक्का वाचला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत आपुलकी होती. "चांगलं काम आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. मला वाटतं, त्यांच्या घरीही काहीतरी चालू असावं. दहा दिवसांनी परवानगीचं पत्र आलं. कौटुंबिक सहन मंडळ, सभासद एकोणतीस, चौथा रविवार, दहा ते बारा.

त्या रविवारचा तपशील देताना मी शक्य तेवढा संयम पाळणार आहे. बस वेळेवर आली. एकोणतीस सभासद मात्र एकोणतीस वेगवेगळ्या वेळांना आले. कमांडरांनी बसच्या पुढच्या बाजूला फलक बांधला. तो पिवळ्या कापडाचा होता आणि त्यावर हातभर अक्षरांत 'कौटुंबिक सहल मंडळ' लिहिलं होतं. तो त्यांनी दोराने बांधला, आणि गाठी मारताना मला सांगितलं की या गाठी दलातल्या खास आहेत, जळत्या इमारतीतही सुटत नाहीत. वाटेत एकाला चहा हवा होता, एकाला फोटो, आणि एका काकूंना वाटेतली एक ओळखीची बाई खिडकीतून दिसली, म्हणून तिला भेटायचं होतं. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

पहारेकऱ्याने पत्र वाचलं. मग फलक वाचला. मग पुन्हा पत्र. तो शांत, सरळमार्गी माणूस होता. त्याने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की परवानगी सहन मंडळाला आहे, आणि आलंय ते सहल मंडळ.

मी म्हटलं, दोन्ही एकच.

तो म्हणाला, एकच कसं असेल? सहल वेगळी आणि सहन वेगळं.

गेली अठरा वर्षं संसार करत असल्याने मला यावर बोलता आलं असतं, पण बायको शेजारी उभी होती. मी त्याला शिक्केवाल्याची हकीकत सांगितली. त्याने ती लक्ष देऊन ऐकली आणि साहेबांना फोन लावला. रविवार असल्याने साहेबांनी उचलला नाही. शेवटी त्याने एक वाट काढून दिली. फलक काढा, म्हणजे तुम्ही सहल नाही. मग पत्राप्रमाणे तुम्हाला सहन म्हणून आत सोडता येईल.

आम्ही सगळे फलकाकडे धावलो. त्या गाठी सुटेनात. चालकाने दात लावून पाहिले. दोन काकांनी दोन्ही टोकं धरून विरुद्ध दिशांना ओढलं, त्याने त्या आणखी घट्ट झाल्या. कमांडर बाजूला उभं राहून सूचना देत होते. शेवटी ते स्वतः पुढे झाले, बोटांनी चाचपडत राहिले, आणि बऱ्याच वेळाने हलक्या आवाजात म्हणाले की त्यांनी या गाठी भांडारात नुसत्या पाहिल्या होत्या. कात्री कुणाकडे नव्हती. एकेचाळीस वस्तूंच्या यादीत कात्री नव्हती.

बारा वाजले. पहारेकऱ्याने घड्याळ पाहिलं, आमची क्षमा मागितली आणि फाटक लावलं.

सगळ्यांनी फाटकाबाहेरच्या धुळीत बसून डबे खाल्ले. आई बसमध्येच होती. खिडकीतून तिला धरणाच्या भिंतीचा कोपरा दिसत होता. मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "भिंत मजबूत वाटते."

दुसऱ्या दिवशी मंडळाची तातडीची बैठक जिन्यात झाली आणि सचिवांच्या निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला. सचिव मीच असल्याने तो लिहूनही मलाच घ्यावा लागला. 'बेजबाबदार' हा शब्द कमांडरांनी सुचवला. ठरावातलं शुद्धलेखन मी दुरुस्त केलं आणि खाली सही केली. मग मंडळ विसर्जित झालं.

मंगळवारी रुग्णालयातून फोन आला. शस्त्रक्रिया सोमवारीच होती, पण तपासण्यांसाठी आईला रविवारी सकाळीच भरती करायचं होतं. पाचवा रविवारही गेला. मी फ्रिजवरचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. बायको म्हणाली, पुढच्या वर्षी नेऊ. तिने ते इतक्या मायेने म्हटलं की मला जास्तच लागलं. आईने तर मला काही दाखवायची गरजच नाही असं जाहीर केलं. टीव्हीवर सगळं दिसतं म्हणे.

बुधवारी सकाळी मी कामावर निघालो होतो आणि दाराशी बूट घालत होतो. आई आतल्या खोलीत फोनवर मावशीशी बोलत होती. तिचा आवाज फोनवर नेहमीच मोठा होतो.

"पाहिलं की धरण," ती सांगत होती. "अगं, किती मोठं. नजर पोचत नाही इतकं पाणी. हो, यानेच नेलं. सगळी व्यवस्था केली होती यानेच. बसबीस करून. आता दीपगृहही पाहून झालं. वरून? वरून फार छान दिसतं."

माझ्या हातात एक बूट होता. तो मी किती वेळ धरून उभा होतो कोण जाणे. मी नववीत गणितात नापास झाल्यावर तिने शेजारी सांगितलं होतं की मी आजारी होतो, म्हणून पेपर दिलाच नाही. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आता माझ्या डोक्यावर चौदा केस उरलेत, आणि अजून तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागत होतं.

मी बूट घातले आणि ठरवलं. उद्या गुरुवार. गुरुवारी एकसष्ट नंबर धावते.

कचेरीत साहेबांनी माझी रजा नामंजूर केली. किरकोळ रजा मी धरणाच्या खिडकीपुढे अर्धी अर्धी करून संपवली होती. आजारी रजेला आजार हवा, आणि तो मला हवा असं साहेबांचं म्हणणं पडलं, आईला असून चालत नाही. विशेष रजेचा अर्ज वर जातो आणि आठ दिवसांनी खाली येतो. मी जागेवर जाऊन बसलो, नियमांचं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. एकोणीस वर्षांत ते मी कधी उघडलं नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला सापडलं. वेळापत्रक विभागाच्या कर्मचाऱ्याने वर्षातून किमान एकदा मार्गावर प्रत्यक्ष प्रवास करून वेळांची तपासणी करावी. करावी, असं होतं. म्हणजे मी एकोणीस वेळा नियम मोडला होता.

मी पुस्तक साहेबांपुढे नेलं. त्यांनी वाचलं. हे कलम आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "कुठला मार्ग तपासणार?"

"एकसष्ट," मी म्हटलं. "त्याबद्दल जनतेची तक्रार आहे. माझ्यासमोर झाली."

त्यांनी सही केली.

गुरुवारी सात पंचवीसला बस सुटली आणि आम्ही चौघं तिच्यात होतो. बायकोने कामाची पाळी बदलून घेतली होती. कन्येच्या शाळेला चिठ्ठी दिली होती. तिच्यात खरं तेच लिहिलं होतं, आणि बाईंनी ते मान्यही केलं. कमांडरांना आम्ही सांगितलं नव्हतं. मी मांडीवर तपासणीचा तक्ता घेऊन प्रत्येक थांब्याची वेळ लिहीत होतो. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे हा प्रवास एक तास बत्तीस मिनिटांचा आहे. खरा लागला दोन तास बावीस मिनिटांचा. वाटेत एक चढ आहे, एक रेल्वे फाटक आहे, आणि एका थांब्यावर शाळेची साठ मुलं चढतात. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. आई खिडकीशी होती. ती एकदाही माझ्याशी बोलली नाही, तिला वेळच नव्हता.

दहाला तेरा मिनिटं कमी असताना आम्ही उतरलो. समोर दीपगृह होतं. पांढरं, उंच, सरळ. आम्ही मान वर करून पाहिलं आणि तेव्हा, अगदी तेव्हा, आम्हा चार शहाण्या माणसांच्या एकाच क्षणी लक्षात आलं की दीपगृहाला जिना असतो.

पाच आठवडे मी आखत होतो. बसच्या वेळा होत्या, परवानग्या होत्या, घोंगडी होती. ज्या बाईच्या गुडघ्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिला मी मनोऱ्यावर चढवायला निघालो होतो. दीपगृहाच्या रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, पायऱ्या एकशे बेचाळीस. लिफ्ट नाही. एक वाजता बंद होतं.

मी आईकडे पाहू शकत नव्हतो. बायकोने म्हटलं, आपण खालीच बसू या, खालूनही समुद्र दिसतो. आई दाराशी गेली आणि आत डोकावून जिना वरपर्यंत पाहिला. मग तिने छत्री माझ्याकडे दिली, वळली, आणि पहिल्या पायरीवर बसली. बाहेरच्या बाजूला तोंड करून, पाठ वरच्या पायरीकडे. दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकले, चांगल्या पायाने जोर लावला, आणि दुसऱ्या पायरीवर बसली.

"आई, हे काय करतेस?" मी म्हटलं.

"चढतेय."

रखवालदार धावत आला. त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. चष्मा पिशवीत असल्याने आईने नातीला वाचायला सांगितलं. नातीने वाचलं, जिन्यात बसण्यास सक्त मनाई आहे.

"मी बसत नाहीये," आई त्याला म्हणाली, "मी वर चाललेय. तुला वेगळं दिसतंय का?"

त्याने पाटी स्वतः पुन्हा वाचली. तोपर्यंत ती पाचव्या पायरीवर होती.

त्या जिन्यात आम्ही दीड तास होतो. आई पुढे, म्हणजे मागे, आणि आम्ही तिच्या पायांशी. घोंगडीची घडी करून मी प्रत्येक पायरीवर तिच्या खाली सरकवत होतो. कन्या मोजत होती. बायको दर वीस पायऱ्यांना नाडी पाहत होती आणि पाणी देत होती. चाळिसाव्या पायरीला रखवालदार एक खुर्ची घेऊन वर गेला आणि पहिल्या वळणावर ठेवून आला. साठाव्याला त्याने ती उचलून दुसऱ्या वळणावर नेली. खाली आलेल्या चार प्रवाशांना त्याने थांबवून ठेवलं होतं, त्यांनी तक्रार केली तर त्यांना पाटी दाखवली. नव्वदाव्या पायरीला आईचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, पुरे. तिने मान हलवली. "तुझ्या मावशीला सांगून बसलेय," ती म्हणाली, "की वरून छान दिसतं."

म्हणजे मी ऐकलंय हे तिला ठाऊक होतं. मी घोंगडी सरकवली.

वर वारा होता. रखवालदाराने आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून कठड्याशी उभं केलं. समोर समुद्र होता. त्याच्याबद्दल मी काही लिहिणार नाही, माझी भाषा वेळापत्रकाची आहे. एवढंच सांगतो की तपासणीच्या तक्त्यात त्या पाऊण तासाची एकही नोंद नाही. आईने कठडा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "तुझे बाबा आले असते तर इथे खालीच बसून राहिले असते. उंचीची भीती होती त्यांना. जन्मभर माळ्यावरचे डबे मीच काढले." पदराने तिने डोळे पुसले, वाऱ्यामुळे असेल. "बरं झालं, ते असताना आलो नाही. त्यांना खाली एकटं ठेवून मला वर येववलं नसतं."

उतरणं सोपं होतं. बसून उतरायला गुडघा लागत नाही. दीपगृह त्या दिवशी एक वाजता बंद झालं नाही.

रविवारी सकाळी आम्ही तिला रुग्णालयात नेलं. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. डॉक्टरांनी तो पाहिला, काय झालं ते विचारलं, आणि आईने एकशे बेचाळीस हा आकडा सांगितला. मग पंधरा मिनिटं डॉक्टर माझ्याशी बोलले. एवढ्या शिकलेल्या माणसाला इतके साधे शब्द येत असतील असं मला वाटलं नव्हतं. शस्त्रक्रिया बारा दिवस पुढे गेली. त्यांनी मला जबाबदारी, वय आणि अक्कल यांचे अर्थ नर्ससमोर समजावून सांगितले. मी खाली मान घालून ऐकलं. खरं सांगायचं तर, इतकं मन लावून अपमान करून घेणं मला पूर्वी कधी जमलं नव्हतं.

सूज उतरायचं औषध लिहिता लिहिता डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पण आजी, वरून दिसतं तरी काय?"

आईने टेबलाखाली वाकून त्यांच्या पायांकडे नजर टाकली.

"तुमचे गुडघे चांगले आहेत की," ती म्हणाली. "जाऊन बघा."